बाहेरच्या बाजूचं पाणी

आयुष्यभर मी होड्या बांधल्या. लहान बांधल्या, मोठ्या बांधल्या, जाळी ओढणाऱ्या बांधल्या, आणि एका शौकिनासाठी आतून मखमल लावलेलीही एक बांधली. त्यातली एकही गळली नाही. हे मी नम्रपणे सांगत नाही, कारण यात नम्र होण्यासारखं काही नाही. गोदीत माझ्या हाताखालून गेलेले लोक अजूनही सांगतात की म्हाताऱ्याने भरलेल्या सांध्यातून पाणी सोडा, पाण्याचा विचारही आत जात नाही.

गोदी सोडून आम्ही या गावात आलो ते बायकोसाठी. तिचं हृदय थकलं होतं आणि छातीत पाणी साठायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, समुद्रापासून लांब, कोरड्या हवेत राहा. म्हणून हे घर घेतलं. उंचावर आहे, खाली पक्का खडक, आणि समुद्र इथून इतका लांब की शेजारच्या पोरांनी तो फक्त चित्रात पाहिलाय. भिंतींना ओल नाही. मिठाची बरणी उघडी राहिली तरी मीठ मोकळंच राहतं.

तरीही तिला आडवं होता येत नव्हतं. पाठ टेकली की घुसमटून उठून बसायची. वर्ष होत आलं होतं, ती खुर्चीतच झोपत होती, पाठीला उशांची चळत लावून. एकदा मला म्हणाली, "मला आता काही म्हणजे काही नको हो. एकदाच सरळ आडवं पडून, कूस बदलून झोपायचंय."

पाणी बाहेर ठेवायचा धंदा केला जन्मभर, आणि माझ्याच घरात ते अशा जागी शिरलं होतं जिथे माझा हात पोचत नव्हता.

माशांचं खूळ तिचंच. दिवसभर पुढच्या खोलीत बसायची, समोर नुसती भिंत.

"या भिंतीचे पोपडेसुद्धा पाठ झालेत मला," ती म्हणाली. "काहीतरी हलतं ठेवा की समोर."

"पंखा हलतोय."

"पंखा तुम्ही बघा. मला मासे हवेत."

आमचे जावईबापू तिथेच बसले होते. लेक दोन गल्ल्या पलीकडे राहते, त्यामुळे जावई येऊन जाऊन असतात. माणूस चांगला आहे, पण हातात स्क्रू द्यावा तर तो कुठल्या टोकाने धरायचा याचा विचार करेल असा. त्यांनी लगेच मोबाईल काढला. "बाबा, काचेची टाकी मागवतो. परवा दारात येईल. चार फुटी पुरे."

"चार फुटांत मासा वळला की टाकी संपली," मी म्हणालो. "या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत करायची. आणि मी करायची."

बायको हसली. हसताना तिला खोकला आला, पण हसली.

त्या दिवसापासून माझ्यात पुन्हा जीव आला. आठ फूट लांब, तीन फूट रुंद, साडेतीन फूट उंच असा आकडा ठरवला आणि सामान बघायला बाहेर पडलो. सामान निवडणं हे निम्मं काम. बाकीचं निम्मं कुणीही करतो.

पूर्ण काचेची टाकी मी पहिल्याच दिवशी बाद केली. काचेच्या कडेला काच चिकटवायची आणि देवावर हवाला ठेवायचा. देवावर हवाला ठेवून मी कधी सांधा भरलेला नाही. मग अ‍ॅक्रिलिकचा तुकडा मागून आणला. दिसायला नितळ, वजनाला हलका, जावई खूश. मी स्वयंपाकघरातली तारेची घासणी घेऊन त्यावर एक हात फिरवला, आणि त्यांच्यापुढे धरला. बिचाऱ्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. शिवाय एवढ्या लांबीला अ‍ॅक्रिलिकचं पोट सुटतं. सिमेंट म्हणावं तर त्यातला चुना पाण्यात उतरतो आणि माशांना जाचतो. लोखंडाचं नाव काढू नका, गंजाशी माझं जुनं वैर आहे.

राहिलं लाकूड. मरीन प्लाय, त्यावर फायबरचं कापड, त्यावर रेझिनचे हात, आणि फक्त पुढची बाजू काचेची. होडीसाठी जे चालतं ते माशांसाठी का नाही चालणार?

मरीन प्लाय म्हणून बाजारात जे विकतात त्यातलं निम्मं नावापुरतं असतं. त्यावरचा शिक्का मी वाचतच नाही. चार दुकानांतून चार तुकडे आणले आणि उकळायला घातले. चांगल्या प्लायचे थर उकळत्या पाण्यातही सुटत नाहीत, हलक्याचे तासाभरात पुस्तकाच्या पानांसारखे उलगडतात. हे सगळं मी बायकोच्या दुधाच्या पातेल्यात केलं. घरभर डिंकाचा वास सुटला.

"त्या पातेल्यात आता तुम्हीच दूध प्या," ती खुर्चीतून म्हणाली.

चारातला एक तुकडा जसाच्या तसा राहिला. तो मी पुसून तिच्या मांडीवर ठेवला. तिने नखाने कड खरवडून बघितली आणि मान डोलावली. होडीवाल्याची बायको आहे ती, उगाच मान डोलावत नाही.

सिलिकॉनही बघून घेतलं. न्हाणीघरात वापरतात त्यात बुरशी मारायचं औषध असतं, ते मासेही मारतं. साधं, बिनऔषधी हवं. रेझिन असं निवडलं की पूर्ण वाळल्यावर त्याला वास राहत नाही.

काचेसाठी मात्र काचवाल्याकडे जावं लागलं. जाडजूड मनुष्य, बोटांवर जुन्या जखमांच्या रेघा. दोन थर एकमेकांना चिकटवलेली जाड काच त्याने मला दाखवली, आडवी धरून तिची कड दाखवली. चौकटही तोच करणार होता. मापं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "पाणी कुठल्या बाजूला?"

प्रश्न बरोबर होता. पाण्याचा दाब काचेला चौकटीवर दाबून बसवेल अशा बाजूने काच लावायची असते. उलट लावली तर पाणी तिला चौकटीतून ढकलून काढतं.

"बाहेरच्या," मी म्हणालो.

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. "बाहेरच्या?"

"हो. पाणी आणखी कुठे असतं?"

तो काहीतरी बोलणार होता, पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही असं त्याच्या धंद्यात शिकवत असावेत. काच सांगितल्याप्रमाणे मिळाली.

रेझिनचा वास तिला सोसला नसता, म्हणून बायकोला लेकीकडे धाडलं आणि मागच्या शेडमध्ये कामाला लागलो. ते दिवस फार सुखाचे गेले. करवत हातात आली की माझं वय उतरतं. फायबरचं कापड मी एका सुरकुतीशिवाय बसवलं. कोपरे अंगठ्याने गोल केले. रेझिनचा प्रत्येक हात वाळला की घासला, पुन्हा दिला, पुन्हा घासला. शेवटी करडा रंग दिला, तो इतका सफाईदार की त्यात माझं टक्कल दिसत होतं. मग चौघांना बोलावून पेटी खोलीत आणली, गोदीत होड्या ठेवतात तशी बुटक्या ठोकळ्यांवर बसवली, आणि धक्क्याने सरकू नये म्हणून खडकापर्यंत जाणारे जाड बोल्ट ठोकून जमिनीला जखडली.

जावई माझ्या बायकोला हाताला धरून घेऊन आले. ती दारातच थांबली.

"अगं बाई," ती म्हणाली. "केवढी हो!" आणि पुढे होऊन तिने तळहात त्या रंगावरून फिरवला, लेकीच्या केसांवरून फिरवायची तसा. माझी छाती इंचभर फुगली असेल.

जावई मात्र उकिडवे बसून कोपरे बघत होते.

"बाबा, एक विचारू?"

"विचारा."

"हे फायबर बाहेरून लावलंय. काचही बाहेरून बसवलीय. आतून नुसतं लाकूड आहे." ते उठून आत डोकावले. "पाणी आपण आत भरणार ना?"

मी आत वाकून बघितलं. आत कोरा प्लाय होता, स्वच्छ, फिकट, स्क्रूची डोकी एका रेषेत. चाळीस वर्षांची सवय. माझ्या हातांनी मला न विचारता होडी बांधली होती.

"आतलं काम व्हायचंय अजून," मी ठोकून दिलं. "घाई कसली?"

खरं सांगतो, लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. इतकं देखणं काम मी भर उमेदीतही केलं नव्हतं. आतून रेझिनचे चार हात देऊन टाकू, असं मनात ठरवलं आणि झोपलो.

सकाळी उठून बघतो तर पेटीच्या तळाला पाणी होतं.

फार नव्हतं. मागच्या कोपऱ्यात ओंजळभर साचलेलं. आधी वाटलं छत गळलं, पण छत कोरडं होतं. नळ पलीकडच्या भिंतीत. जावयांनी गंमत केली म्हणावं तर त्यांना तेवढी कल्पकता नाही. मग गोदीत करायचो ते केलं. होडीच्या तळाला पाणी दिसलं की आम्ही बोट बुडवून चाखतो. गोडं लागलं तर पावसाचं, काळजी नाही. खारट लागलं तर सांधा गेलाय.

मी चाखलं.

खारट होतं. आणि मीठ घातलेलं पाणी आणि समुद्राचं पाणी यांतला फरक मला कुणी शिकवू नये. समुद्राच्या पाण्याला मागून एक कडवट चव येते, ती घरात कुणाला बनवता येत नाही.

मी पाणी पुसून घेतलं आणि कोपऱ्याशी डोकं लावून बसलो. थोड्या वेळाने सांध्याच्या टोकाला एक थेंब फुगला, आतल्या बाजूला, आणि घरंगळून खाली गेला. मग दुसरा. मी बाहेरून त्याच जागी कोरडा कागद दाबून धरला. कागद कोरडाच राहिला. जमिनीवर धूळ होती, तीही कोरडी. आणि आत थेंब येतच होते.

मला आधी आला तो राग. माझा सांधा गळतोय? पाणी कुठून येतंय हा प्रश्न नंतरचा. मी बाहेरून तो कोपरा खरवडला. रेझिनमध्ये केसाएवढं एक छिद्र होतं, ते भरलं, वरून कापडाची पट्टी मारली. ज्या बाजूने पाणी येतं त्या बाजूने सांधा भरायचा, यात विचार करण्यासारखं काही नसतं.

दुपारपर्यंत थेंब थांबले. आत पुन्हा एक टिपूस आलं नाही. मला हायसं वाटलं, आणि कॉलर ताठ झाली, हेही सांगून टाकतो.

आतून रेझिन लावायचं मात्र मी पुढे ढकलत राहिलो. बायकोने विचारलं की म्हणायचो, प्लाय पुरता वाळू दे. पाण्यात असलेल्या होडीत कुणी पाणी भरत नाही. असं मी मनाशीसुद्धा बोललो नव्हतो, पण हात बादलीकडे जात नव्हता.

काही दिवसांनी पेटीच्या बाहेरच्या अंगाला, तळापासून वीतभर उंचीवर, एक पांढरी रेघ दिसली. चारी बाजूंनी सरळ, दोरी लावून आखावी तशी. बोटाने पुसली तर मीठ.

त्याच आठवड्यात बायकोचे पाय सुजले. चपला बसेनात. पायांत ओल्या वाळूच्या पिशव्या बांधल्यासारखं वाटतं, म्हणाली.

रेघ चढत गेली. तिच्याखालचा करडा रंग आधी हिरवट झाला, मग बुळबुळीत. मी पत्र्याचा तुकडा घेऊन तो हिरवा थर खरवडायचो, गोदीत होडीचं बूड खरवडतात तसा, आणि तो पुन्हा धरायचा. मग एके दिवशी पत्रा कशाला तरी अडला. बारीक, पांढरी, दगडासारखी शिंपली. ती लाकडाला अशी धरून होती की उपटताना त्यांच्या कडा बोटाला लागल्या. शिंपल्याच्या आकारावरून होडी पाण्यात किती दिवस आहे हे मला सांगता येतं. ही शिंपली पेटी खोलीत आणली त्या दिवसापासूनची होती.

पडदे कोरडे होते. खुर्चीचे पाय कोरडे होते. भिंतीचे पोपडेसुद्धा तसेच होते.

जावई आले आणि पेटीपाशी थबकले.

"भिंतीला ओल असेल," ते म्हणाले. भिंतीला हात लावून त्यांनी तो काढून घेतला. मग त्या हिरव्यावर बोट टेकवलं, नाकाशी नेलं.

"बाबा, ही बाहेर काढू या."

"का?"

ते आपलं बोट पॅन्टला पुसत होते, आणि जाईपर्यंत पुसतच राहिले.

मध्येच बायकोला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तिथे औषधं बदलली, सुया टोचल्या, पाणी काढलं. चार दिवस बरं वाटलं. परत आली ती तशीच. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता त्रास कमी करणं एवढंच हातात आहे. लेक म्हणाली, आमच्याकडे चल. बायकोने मान हलवली. "तिकडेही खुर्चीतच बसायचं ना? मग माझ्या खुर्चीत बसते."

रेघ आता खुर्चीत बसलेल्या माणसाच्या छातीइतकी आली होती. बायको आणि मी दोघेही त्या रेघेकडे बघायचो आणि बोलायचो दुसऱ्याच कशाबद्दल.

एकदा मी औषधं घेऊन आलो तर खुर्ची रिकामी होती.

ती पेटीपाशी उभी होती. दोन्ही कोपरं काठावर टेकलेली, डोकं आत वाकवलेलं. मला वाटलं चक्कर आली. मी धावलो.

"अहो," आतून तिचा आवाज आला, घुमलेला. "इकडे या. इथे हवा आहे."

मी जवळ जाऊन ऐकलं. वर्षभरात तिचा श्वास असा चाललेला मी ऐकला नव्हता. घरघर नव्हती, शिट्टी नव्हती. झोपलेल्या लेकराचा चालतो तसा चालला होता.

मीही डोकं आत घातलं. कोऱ्या लाकडाचा वास. कोरडी, हलकी हवा. दोनतीन श्वास घेतले आणि सरळ उभा राहिलो, आणि मग पहिल्यांदा मला कळलं की बाहेर, खोलीत, मी जे आत घेतोय ते किती जड आहे.

यापुढे मी काय केलं ते कुणालाही मूर्खपणा वाटेल. वाटू दे. संध्याकाळ व्हायच्या आत मी चार पायऱ्यांची घडवंची केली. आत गादी अंथरली, तिची आवडती मऊ चादर घातली. तिला धरून चढवली, उचलून आत उतरवली. ती आधी बसली. मग घाबरत घाबरत एका कोपरावर आली. मग तिने पाठ टेकली.

मी वाट बघत होतो. ती उठली नाही.

"अहो, मी आडवी झाले," ती म्हणाली.

मग तिने कूस बदलली आणि झोपून गेली.

मी काचेपाशी जमिनीवर बसलो आणि रडलो. सरळ हुंदके देऊन रडलो, आणि तरी मला इतका अभिमान वाटला की तसा कधी कुठली होडी पाण्यात सोडतानाही वाटला नव्हता. डॉक्टर झाले, औषधं झाली, हॉस्पिटल झालं. शेवटी माझ्याच हातचे सांधे कामी आले. तिच्यापर्यंत एक थेंब पोचत नव्हता.

तेव्हापासून ती आतच राहिली. कामापुरती बाहेर यायची, पुन्हा आत. गालांवर रंग आला. पायांची सूज उतरली. जावई आले, काचेतून तिला झोपलेली बघितली. जाताना मला म्हणाले, "आई बऱ्या दिसतात." आणि दार लावून घेतलं.

रेघ थांबली नव्हती.

ती काठाला यायला लागली तेव्हा मी काठ वाढवला. फूटभर उंचीच्या फळ्या, बाहेरून फायबर, बाहेरून रेझिन. या वेळी कुणी विचारलं असतं तरी मी लपवलं नसतं.

बोल्ट कुरकुरायला लागले. हलकी होडी बांधून ठेवली आणि पाणी चढलं की दोर कुरकुरतात, तसे. मी माशांसाठी आणलेल्या खडीच्या गोण्या आत, तिच्या पायाशी रचल्या. कुरकुर कमी झाली.

मला खोकला सुरू झाला होता. तो मी तिला ऐकू देत नव्हतो.

पेटीत दोघांना जागा होईल का, हे मी एकदा मापून पाहिलं. कूस बदलायची असेल तर होत नाही.

परवा दुपारी ती झोपून उठली. मी बिस्किटं आत दिली आणि काचेसमोर, तिच्या जुन्या खुर्चीत येऊन बसलो. ऊन खोलीत आलं होतं. ते जमिनीवर स्थिर पडत नव्हतं, सारखं थरथरत होतं.

ती बिस्कीट खात होती. खाता खाता थांबली.

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून, मागे, कशाकडे तरी बघत होती. तिचे डोळे हळूहळू डावीकडून उजवीकडे गेले. मग जरा वर. मग पुन्हा डावीकडे. एक बोट काचेला टेकवून ती ते जे काही होतं त्याच्या बरोबरीने सरकवत होती. चेहरा इतका आनंदला होता की मला मागे वळून बघवेना.

"केवढा मोठा आहे हो," ती म्हणाली. काचेतून तिचा आवाज स्पष्ट आला.

"काय आहे?" मी विचारलं.

तिने कानामागे हात धरला.

"काय आहे तिथे?"

तिने मान हलवली. ऐकू येत नाही, अशी खूण केली. मी पुन्हा विचारलं, मोठ्याने, अगदी ओरडून. आणि ती हसायला लागली. पोट धरून, खोकला न येता, लग्न झालं तेव्हा हसायची तशी.

"नुसतं तोंड उघडताय आणि मिटताय," ती म्हणाली.

मग ती गुडघ्यांवर उठली. हातातल्या बिस्किटाचा चुरा केला, हात काठावरून वर काढला आणि माझ्या बाजूला सोडला.

चुरा खाली पडला नाही. तो माझ्या डोक्यावर जागच्या जागी पसरला, आणि मग एकेक कण, डुलत डुलत, माझ्या तोंडासमोरून उतरायला लागला.